सीनाखोऱ्याची जुळणी : सहा टक्के

एप्रिलच्या पाच तारखेला रॉटरडॅमहून तौलनिक तक्ता आला आणि मयूरी देवकतेच्या तोंडचं पाणी पळालं.

तक्ता दिसायला अगदी साधा. डाव्या बाजूला ब्राझील, उजव्या बाजूला सीनाखोरं. आता एकीकडे अख्खा देश, आणि दुसरीकडे दोन तालुके, चार साखर कारखाने आणि उन्हाळ्यात आटणारी एक नदी. ही बरोबरी कोणत्या शहाण्याने लावली, असं कुणालाही वाटेल. मयूरीलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण औद्योगिक अल्कोहोल विकत घेणाऱ्यांचं डोकं वेगळं चालतं. रंग, औषधं, अत्तरं, प्लास्टिक बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून रॉटरडॅमला एक खरेदीसंघ काढला होता. उसापासून अल्कोहोल करून पाठवणारा जो कुणी असेल, मग तो देश असो की एखादं खोरं, त्याला सगळ्यात मोठ्या निर्यातदाराशेजारी उभं करून मोजायचं, असं त्या संघाने २०४२ च्या हंगामापासून ठरवलं होतं. मोठ्याशेजारी उभं केलं की लहानाचे दोष लवकर दिसतात, एवढाच त्यातला मतलब.

जानेवारी ते मार्च २०४३. ब्राझील, बासष्ट कोटी लिटर. सीनाखोरं, तीन कोटी चाळीस लाख. इथवर कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं, उलट आदल्या वर्षीच्या दीडपट माल गेला म्हणून चेअरमनसाहेब पेढे वाटायच्या बेतात होते. घोळ खालच्या ओळीत होता. ‘उगमाशी जुळणी : ब्राझील सत्त्याण्णव टक्के, सीनाखोरं सहा टक्के.’

सरळ मराठीत सांगायचं तर सीनाखोऱ्याने पाठवलेल्या शंभर लिटरांतलं चौऱ्याण्णव लिटर अल्कोहोल सीनाखोऱ्याचं नव्हतंच. ते भलतीकडून आणून आपल्या नावावर खपवलं होतं, असं रॉटरडॅमचं म्हणणं. खुलासा द्यायला तीस दिवस दिले होते. तो पटला नाही, तर खोऱ्याचं नाव दोन वर्षं यादीबाहेर.

मयूरी या चार कारखान्यांतल्या सगळ्यात जुन्या कारखान्याच्या डिस्टिलरीत मुख्य केमिस्ट होती. वय बेचाळीस, पैकी अठरा वर्षं याच प्रयोगशाळेत गेलेली. हे अल्कोहोल तिच्या डोळ्यांदेखत तयार झालं होतं. उसाचा रस टाकीत आंबताना तिने पाहिला होता, टँकरला सील लागताना ती उभी होती. कुणी तुमच्या पोटच्या पोराला, हे तुमचं नाही म्हणून सांगावं, तसं तिला झालं. तिने तक्ता डिस्टिलरी मॅनेजर मुजावरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मुजावरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा सहाचा सहाच राहिला.

हा सगळा डोक्याला ताप ज्या यंत्रामुळे झाला, त्याचं कागदोपत्री नाव उगममापक. डिस्टिलरीतली माणसं त्याला ‘चाख्या’ म्हणायची. आकाराने तीन पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढं. पूर्वी याच कामाला खोलीभर चुंबक आणि दोन डॉक्टरेट झालेली माणसं लागायची, आता बोटभर नळीत चार थेंब टाकले की वीस मिनिटांत निकाल येत होता.

चाख्या करतो काय, ते समजायला फार अवघड नाही. पाण्यात हायड्रोजन असतो. त्या हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंत शे-दीडशे अणू दुप्पट वजनाचे असतात. नेमके किती, ते पाणी कुठलं आणि कधीचं, यावर ठरतं. यंदाच्या पावसाचं प्रमाण एक. धरणात उन्हात पडून राहिलेल्या पाण्याचं दुसरं, कारण हलकं पाणी आधी उडून जातं आणि जड मागे राहतं. आणि जमिनीच्या पोटात हजारो वर्षं दडून बसलेल्या पाण्याचं तिसरंच, कारण ते ढगातून पडलं तेव्हा हवाच वेगळी होती, गारठ्याची होती.

ऊस जे पाणी पितो त्यातला हायड्रोजन साखरेत जातो. साखर आंबली की तो अल्कोहोलात येतो. अल्कोहोलच्या रेणूच्या एका टोकाचा हायड्रोजन लबाड, आजूबाजूच्या पाण्याशी सारखी अदलाबदल करतो. पण कार्बनला धरून बसलेला दुसऱ्या टोकाचा हायड्रोजन जागचा हलत नाही. चाख्या तेवढाच वाचतो, आणि ऊस कुठलं पाणी पिऊन वाढला ते सांगतो.

खरेदीसंघाला यातून दोन गोष्टी हव्या होत्या. एक, माल ज्या प्रदेशाच्या नावाने येतो त्याच प्रदेशाचा असावा. त्यासाठी प्रत्येक प्रदेशाने हंगामात एकदा आपला मूळ नमुना द्यायचा. त्याचे दोन भाग करून एक रॉटरडॅमला सीलबंद ठेवायचा, आणि येणारा प्रत्येक टँकर त्याच्याशी ताडून पाहायचा. दुसरी गोष्ट, जमिनीच्या पोटातलं पुरातन पाणी उपसून वाढवलेल्या उसाचं अल्कोहोल घ्यायचं नाही. ते पाणी परत भरत नाही, ते संपवून कुणाच्या अत्तराच्या बाटल्या भरायच्या नाहीत, असा त्यांचा नियम होता. दहा टक्क्यांपर्यंत चालेल, पुढे नाही.

मुजावरसाहेबांचा पहिला संशय टँकरवाल्यांवर गेला, आणि त्यात नवल काही नव्हतं. आठ दिवस त्यांनी सीलं तपासली, कुठला टँकर कुठे किती वेळ थांबला ते काढलं, बंदरावरच्या माणसांना फोन करून हैराण केलं. एक सील तुटलेलं सापडलं नाही. मग मयूरीने राखीव बाटल्यांचं कपाट उघडलं. डिस्टिलरीत दर आठवड्याची एक बाटली जपून ठेवायची जुनी पद्धत आहे. हंगामाच्या एकवीस बाटल्या ओळीने उभ्या होत्या. तिने एकेक चाख्यात घालायला सुरुवात केली, मुद्दाम शेवटून. एकविसावी, विसावी, एकोणिसावी. सगळ्या एकमेकींच्या बहिणी. टँकरमधल्या मालाशीही तंतोतंत जुळणाऱ्या. दुसऱ्या आठवड्यापर्यंत हेच. पहिल्या आठवड्याची, म्हणजे पहिल्याच टाकीतून भरलेली बाटली घातली आणि चाख्याने निराळाच आकडा दाखवला. मूळ नमुन्याचा आकडा.

मयूरीने दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिले. तिला सगळं एका क्षणात कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं.

चारही कारखान्यांच्या वतीने मूळ नमुना पाठवायचं काम तिच्याकडे होतं, आणि तो कसा घ्यायचा याची पुस्तिका तिने दोनदा वाचली होती. हंगामाच्या मध्यावर, निदान वीस टाक्यांतून थोडं थोडं घेऊन एकत्र करावा, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण कारखान्यात कुठल्याही गोष्टीची सुरुवात मध्यावर होत नसते. ऊस टाकायच्या गव्हाणीची पूजा होते, तिच्यात मानाची मोळी पडते, पहिल्या टाकीला हळदकुंकू लागतं. त्या दिवशी चेअरमनसाहेब सहज म्हणाले होते, की बाहेर जायचा नमुना पहिल्या टाकीचाच जाऊ द्या, शुभ असतं. आणि मयूरीने मान हलवली होती. इतकंच नाही, तिला मनापासून बरं वाटलं होतं. कारण पहिल्या दिवशी गाळपाला फक्त कोरफळवाडीचा ऊस घ्यायचा, हा सत्तर वर्षांचा मान. कारखान्याला जमीन त्या गावाने दिली होती. आणि कोरफळवाडी हे तिचं माहेर.

म्हणजे खोऱ्याचा मूळ नमुना म्हणून तिने रॉटरडॅमला पाठवलं ते एका गावाचं अल्कोहोल होतं. बाकी खोरं कालव्यावर आणि विहिरींवर ऊस पिकवत होतं. कोरफळवाडी टेकाडावर, कालवा तिथवर चढलाच नाही. तिथे होती ती बोअरं, हजार फुटांच्या पुढची. चाख्या सांगत होता की त्या नमुन्यातलं सत्तर टक्के पाणी सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी पडलेला पाऊस आहे.

मुजावरसाहेबांना तिने काही न लपवता सांगितलं. ते चिडले नाहीत, चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, नमुना हाताळताना घोळ झाला एवढंच लिहू, गावाचं नाव कशाला. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं. नमुन्याचा दुसरा भाग रॉटरडॅमला सीलबंद पडलेला होता. तिथे अजून तो फक्त ताडायला वापरला होता, पण वय काढलं की पुरातन पाणी त्यात दिसणारच, आणि ते कुठल्या रानातलं हे सांगितलं नाही, तर सगळ्या खोऱ्यावरच शिक्का बसणार. सांगितलं तर खोरं वाचेल, कोरफळवाडी लाल यादीत जाईल. लाल यादीतल्या गावचा ऊस अल्कोहोलला चालत नाही, आणि कारखाना आता साखर काढतो ती नावापुरती.

“बाई, खुलाशावर सही तुमची आहे,” ते म्हणाले. “मी तुम्हाला हे लिहा म्हणणार नाही आणि लिहू नका असंही म्हणणार नाही.”

खुलासा पाठवायच्या आधी माहेरी जाऊन सांगायचं, हे मयूरीने ठरवलं. भावाला ही गोष्ट दुसऱ्याकडून कळावी, हे तिला सहन झालं नसतं. औदुंबर खटके तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा याने स्वतःचं कॉलेज सोडलं होतं आणि पुढे तिला सोलापूरला बी.एस्सी.ला घातलं होतं, दर रविवारी मोटरसायकलवरून डबा पोचवला होता. गावात त्याचा ऊस आठ एकर, शिवाय बोअरमध्ये मोटर सोडायची आणि वर काढायची गाडी. गावातली झाडून सगळी बोअरं त्याच्या हातून गेलेली.

वहिनीने भाकरी वाढली. जेवण होईपर्यंत मयूरी घरचं इकडचं तिकडचं बोलली. मग तक्ता काढून भावापुढे ठेवला, चाख्याचं सांगितलं, नमुन्याचं सांगितलं, आपली चूकही सांगितली. औदुंबरने सगळं ऐकून घेतलं.

“चौदा हजार वर्षांचं का असंना,” तो म्हणाला. “माझ्या रानातनं निघालं, माझं झालं. त्या ब्राझीलवाल्यांना कुणी इचारतंय का, त्यांचा पाऊस किती वर्षांचा म्हणून?”

मयूरीने सांगायचा प्रयत्न केला, की त्यांनाही विचारतात, त्यांचीही टक्केवारी त्याच तक्त्यात आहे. त्याने हाताने थांबवलं. मोटरींचा विषय तिने काढला, पाणी खाली चाललंय का म्हणून विचारलं, तर तो ताडकन उठला. पाण्याला काही झालेलं नाही, असं म्हणून बाहेर जाऊन चपला घालायला लागला. वहिनी मधे पडायला गेली तर तिलाही गप्प केलं.

“लिही तुझा खुलासा,” दारातून तो म्हणाला. “पण मग माझं गाव, माझं माहेर, असं कुणापुढं म्हणू नकोस.”

मयूरी परत येताना गाडीत रडली. रडून झाल्यावर तिला रागही आला, स्वतःचा जास्त आणि भावाचा थोडा. दुसऱ्या दिवशी तिने खुलासा लिहिला. नमुना नियमाप्रमाणे घेतला नाही, चूक माझी. नमुना संपूर्णपणे कोरफळवाडी या गावच्या उसाचा होता. सोबत हंगामातल्या वीस आठवड्यांच्या राखीव बाटल्यांचा एकत्र नमुना जोडला आहे. खाली सही, हुद्दा, तारीख. कारखान्याने तिची एक वेतनवाढ रोखली, ती तिने निमूट मान्य केली.

बारा दिवसांत सुधारलेला तक्ता आला. ब्राझील सत्त्याण्णव टक्के, सीनाखोरं पंचाण्णव. पुरातन पाणी चार टक्के. चार कारखान्यांत लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, चेअरमनसाहेबांनी अडलेले पेढे वाटले. सीनाखोऱ्याच्या पुढे बारीक अक्षरांत कंस होता : ‘कोरफळवाडी वगळून.’ मयूरीने पेढा घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला.

एक मेच्या ग्रामसभेला कोरफळवाडीने तिला बोलावलं. बोलावलं म्हणजे जाब विचारायला, हे उघड होतं. मुजावरसाहेब सोबत यायला तयार होते, पण तिने नको म्हटलं. सकाळी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात मांडवाखाली गाव जमलं. एरवी ग्रामसभेला पंचवीस माणसं मिळायची मारामार, त्या दिवशी बाया-माणसं धरून चारशेच्या वर. औदुंबर मागे, पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

पहिला तासभर तिला जे ऐकावं लागलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. लेकीने गावाचं नाक कापलं, इथपासून पगाराला भुलली, इथपर्यंत सगळं झालं. मग एका मास्तरांनी तक्ता वाचून दाखवला आणि विचारलं, ब्राझील बासष्ट कोटी लिटर काढतं ते चालतं, आपल्या गावाचं चाळीस लाख का चालत नाही?

“कारण त्यांच्या बहुतेक उसावर पाऊस पडतो, मास्तर,” मयूरी म्हणाली. “दरसाल पडतो तेवढाच त्यांचा ऊस पितो. ते बासष्ट कोटी काढोत की शंभर कोटी, पुढच्या साली तिथे परत पाऊस असतो. आपण चाळीस लाख काढतो ते असलेल्यातलं काढतो. लिटरला लिटर लावून ही तुलना होत नाही. मीही इतकी वर्षं तशीच लावत होते.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण आरडाओरडा थोडा बसला. बायकांच्या बाजूने कलावतीकाकू उठल्या. त्यांचं तीन एकर रान, नवरा नाही, मुलं पुण्याला.

“पोरी, वय कळलं पाण्याचं,” त्या म्हणाल्या. “ऱ्हायलंय किती, ते सांग.”

मयूरीला खोटं बोलता येईना आणि खरं तिच्याकडे नव्हतं. चाख्या पाण्याचं वय सांगतो काकू, साठा सांगत नाही, असं ती म्हणाली. तेवढ्यात मागून औदुंबर पुढे आला. लोकांना वाटलं, आता हा बहिणीला धुऊन काढणार. मयूरीलाही तेच वाटलं.

“मी सांगतो,” तो म्हणाला. “गावाच्या नळाचं बोअर. तीन वर्षांमागं मोटर सहाशे चाळीस फुटांवर होती. आज हजार फुटांवर हाय. दर दोन महिन्याला वीस फुटांचा एक पाईप वाढवत आलोय. तुम्ही इचारलं की मी म्हणायचो, मोटर साफ करायला काढलीय. बाकीच्या बोअरांचं बी तेच, थोडं मागंपुढं. गावाच्या बोअरची खोली अकराशे ऐंशी. खाली नऊ पाईप बसत्यात. त्याच्या पुढं दगड.”

“म्हंजी किती?” कुणीतरी विचारलं.

“अठरा महिने.”

आडसाली ऊस जुलैत लावतात आणि तो तोडणीला यायला अठरा महिने लागतात. हे तिथल्या कुणालाही बोटं मोजून दाखवायची गरज नव्हती. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकाने आधी का नाही सांगितलं म्हणून औदुंबरला शिवी घातली, आणि ती त्याने ऐकून घेतली.

“भ्यालो,” तो म्हणाला. “सांगितलं असतं तर पहिला माझा ऊस मोडाय लागला असता. मान गेला असता, ते येगळंच. हिनं कागदावर लिहिलं तवा हिचा राग आला. राग हिचा नव्हता.” तो ग्रामसेवकाकडे वळला. “लिहा. औदुंबर खटके, आठ एकर. यंदा ऊस लावत न्हाई. पाणी पिण्यापुरतं ठेवायचं.”

ग्रामसेवक गोंधळला. असा ठराव विषयपत्रिकेवर नव्हता. शेवटी त्याने कोरा कागद घेतला आणि नाव लिहिलं. कलावतीकाकूंनी बसल्या जागेवरूनच आपलं नाव सांगितलं.

औदुंबर येऊन मयूरीच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, त्याने काढला नाही. तुझ्या त्या कागदावर गावाचं नाव लिहिलंस, माझं लिहायचं होतंस, असं तो हळूच म्हणाला.

दुपारी एकपर्यंत यादीत एकोणीस नावं झाली. गावात ऊस लावणारी घरं दोनशे अकरा. ऊन मांडवाच्या कडेने आत यायला लागलं, माणसं एकेक करून उठायला लागली. ग्रामसेवकाने पेनाला टोपण लावून विचारलं, सभा संपवायची का.

“बसू अजून,” औदुंबर म्हणाला.